दुबईत अडकलेले कमिशन आणि तिथल्या कामगार मंत्रालयाची तक्रार सेवा : अमळनेरहून घेतलेला अनुभव

दुबईत घरे-फ्लॅट विकण्याचे काम करून गावी परतलेल्या आणि आपण जमवलेल्या व्यवहारांचे कमिशन कंपनीकडेच अडकून पडलेल्या मुलांसाठी, तसेच त्यांच्या पालकांसाठी, हा अभिप्राय लिहीत आहे. संयुक्त अरब अमिरातीच्या मनुष्यबळ व अमिरातीकरण मंत्रालयाची जी तक्रार सेवा आहे, तिचा उपयोग माझ्या भाच्याच्या प्रकरणात आम्ही केला. मी अमळनेरला हिशेबनिशीचे काम करतो, त्यामुळे कागद लावणे, तारखा जुळवणे आणि आकडे मांडणे हे काम माझ्याकडे आले. त्याच्या तीन व्यवहारांचे कमिशन थकलेले होते. त्यातल्या दोन व्यवहारांचे पैसे कंपनीने मंत्रालयाच्या मध्यस्थीनंतर दिले, तिसऱ्याचे दिले नाहीत. तरीही ही सेवा चांगली आहे, आणि ज्याच्याकडे पुरावा आहे त्याने दुसऱ्या कोणाकडे जाण्याआधी तिचाच दरवाजा ठोठवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम हे कमिशन अडकते कसे, ते समजून घ्यावे लागते, कारण तक्रार कोणाविरुद्ध करायची हे त्यावरच ठरते. दुबईत तयार घराच्या विक्रीवर साधारणपणे किमतीच्या 2 टक्के आणि भाड्याच्या व्यवहारात वार्षिक भाड्याच्या 5 टक्के दलाली घेण्याची पद्धत आहे, आणि तिच्यावर 5 टक्के मूल्यवर्धित कर लागतो. ही रक्कम ग्राहक एजंटच्या हातात देत नाही, ती परवानाधारक दलाली कंपनीकडे जमा होते. कंपनी मग आपला वाटा ठेवून ठरलेला हिस्सा एजंटला देते. म्हणजे 10 लाख दिरहमचे घर विकले गेले तर कंपनीकडे 20,000 दिरहम येतात, आणि निम्म्या वाट्याचा करार असेल तर मुलाचे 10,000 होतात. त्यामुळे ग्राहकाने पैसे दिले असोत वा नसोत, मुलाचे भांडण ग्राहकाशी नसते, ते आपल्या कंपनीशी असते. ब्रोकर कार्ड, म्हणजे दुबई भूमी विभागाच्या अखत्यारीतील नियामक संस्थेकडे झालेली नोंदणी, हा दुसरा पाया आहे. ते नसताना, नुसत्या भेट-व्हिसावर जाऊन कोणाच्या तरी नावावर व्यवहार लावणाऱ्या मुलाची बाजू पहिल्याच पायरीवर लंगडी पडते.

बांधकाम सुरू असलेल्या इमारतीतील फ्लॅटची गोष्ट निराळी आहे. तिथे दलाली बांधकाम व्यावसायिक देतो, आणि तीही सहसा खरेदीदाराने ठरावीक हप्ते भरून व्यवहाराची भूमी विभागात अंतरिम नोंदणी झाल्यावर देतो. या मधल्या काळात मुलगा नोकरी सोडतो किंवा त्याला काढले जाते, आणि कंपनी म्हणते की बिल्डरकडून अजून काही आले नाही. नेमणूकपत्रातही बहुधा एक कलम असते की राजीनाम्याच्या तारखेपर्यंत जमा न झालेल्या व्यवहारांवर हक्क राहणार नाही. भाच्याचा तिसरा व्यवहार नेमका या कलमात अडकला. जाण्याच्या गडबडीत हे कलम कोणी वाचत नाही. म्हणून माझी विनंती आहे की घरातल्या कोणीतरी, निदान इंग्रजी वाचता येणाऱ्या शेजाऱ्याने तरी, विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी ते पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मुलाला समजावून सांगावे.

भाच्याजवळ दोन कागद होते आणि ते एकमेकांशी जुळत नव्हते. पहिला होता मंत्रालयात नोंदलेला, अरबी व इंग्रजी अशा दोन रकान्यांत छापलेला कामाचा करार, ज्यात मूळ पगार म्हणून एक लहानशी रक्कम लिहिली होती आणि कमिशनचा उल्लेखही नव्हता. दुसरे होते कंपनीच्या लेटरहेडवरचे नेमणूकपत्र, ज्यात निम्म्या वाट्याचा शब्द दिलेला होता, पण त्यावर सही फक्त विक्री व्यवस्थापकाची होती आणि शिक्का पुसट उमटलेला होता. एवढ्यावर भागणार नाही हे दिसताच आम्ही प्रत्येक व्यवहारासाठी स्वतंत्र पुडके केले. त्यात खरेदीदार व विक्रेता यांच्या कराराचा नमुना, त्यावर छापलेला भाच्याचा ब्रोकर क्रमांक, हस्तांतरणाची तारीख, कंपनीच्या हिशेब विभागाने पूर्वीच्या महिन्यांत पाठवलेले कमिशनचे तक्ते आणि व्यवस्थापकाने त्या व्यवहाराबद्दल व्हॉट्सअॅपवर लिहिलेले संदेश, असे सगळे तारखेच्या क्रमाने लावले. पूर्वी याच दराने बँकेत जमा झालेल्या कमिशनच्या नोंदी त्यांना जोडल्या. माझ्या मते सर्वांत उपयोगी पडल्या त्या या जुन्या नोंदीच, कारण वाटा किती ठरला होता याबद्दल मग कंपनीला वाद घालता आला नाही.

रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी उत्पादकाला हे वेगळे सांगण्याची गरज नाही. बाहेरच्या व्यापाऱ्याने माल भरून नेला आणि काटापावती नसली, तर पुढे पोलीस ठाण्यात जाऊनही हाती काही लागत नाही.

आता सेवेविषयी. तक्रार मंत्रालयाच्या अॅपवर, संकेतस्थळावर किंवा 80084 या क्रमांकावर करता येते. हा क्रमांक त्या देशातला असल्याने तिथे असतानाच वापरावा, आणि तिथे हिंदी-उर्दूतूनही बोलता येते, ही आपल्या मुलांसाठी मोठी सोय आहे. तक्रारीसाठी पैसे पडत नाहीत. तक्रार नोंदल्यावर मंत्रालयाचा अधिकारी दोन्ही बाजूंशी संपर्क साधून समेटाचा प्रयत्न करतो. दाव्याची रक्कम 50,000 दिरहमपर्यंत असेल, तर समेट न झाल्यास मंत्रालय स्वतःच निर्णय देऊ शकते. हा अधिकार 2024 च्या सुरुवातीपासून आहे आणि अशा निर्णयाची थेट अंमलबजावणी होऊ शकते. ज्याला निर्णय मान्य नसेल त्याने 15 कामकाजाच्या दिवसांत प्रथम न्यायालयात जायचे असते. रक्कम त्याहून मोठी असेल तर प्रकरण न्यायालयाकडे पाठवले जाते, मात्र 1,00,000 दिरहमपर्यंतच्या दाव्यांना कामगाराकडून न्यायालयीन शुल्क घेतले जात नाही. आपल्याकडे वसुलीचा दावा लावताना कोर्ट फीचा विचार करूनच माणूस निम्मा खचतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला या सवलतीचे मोल कळेल.

अधिकाऱ्याने भाच्याला फोनवर विचारलेले प्रश्न नेमके होते. व्यवहार कोणत्या तारखेला पूर्ण झाला, कंपनीकडे रक्कम जमा झाल्याचे तुमच्याकडे काय आहे, आणि नोकरी संपताना कशावर सही केली, एवढेच त्याला हवे होते. शेवटचा प्रश्न ऐकून भाचा थोडा थांबला आणि नंतर म्हणाला, “मामा, बरे झाले तुम्ही त्या कागदावर सही करू दिली नाही.” व्हिसा रद्द करताना कंपनी एक कागद पुढे करते, ज्यात माझे सर्व येणे मला मिळाले असे लिहिलेले असते. तिकिटाची तारीख जवळ आलेली असते आणि कंपनीचा माणूस सही करा म्हणून घाई करतो. त्या कागदावर सही झाली की पुढे प्रत्येक पायरीवर तोच कागद आडवा येतो. म्हणून तक्रार व्हिसा रद्द होण्यापूर्वी, देशात असतानाच नोंदवावी, आणि परतल्यावरही तिथला मोबाइल क्रमांक काही काळ चालू ठेवावा, कारण खात्यात शिरण्याचे संकेत त्याच क्रमांकावर येतात.

मुदतीबाबत पूर्वी फार अडचण होती. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत दावा लावावा लागे. 31 ऑगस्ट 2024 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ही मुदत नोकरी संपल्यापासून दोन वर्षे झाली आहे. बिल्डरकडून उशिरा येणाऱ्या कमिशनच्या बाबतीत हा बदल जीवदान देणारा आहे. नोकरी संपल्यानंतर 14 दिवसांत सर्व येणे चुकते करण्याचे बंधन कायद्याने कंपनीवर आहेच, आणि तक्रारीत त्या तरतुदीचा उल्लेख करावा. उपदानाची मागणीही त्याच तक्रारीत घालता येते, पण ते मूळ पगारावर मोजले जाते, कमिशनवर नाही, त्यामुळे त्यातून मोठ्या रकमेची अपेक्षा ठेवू नये.

ही सेवा सर्वांच्या उपयोगाची नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. ज्याच्याकडे नोकरीचा करार नाही, जो स्वतंत्र सहयोगी म्हणून काम करत होता, त्याचा दावा दिवाणी स्वरूपाचा होतो आणि त्याला वकील, शुल्क, तसेच प्रत्येक कागदाचे शपथबद्ध भाषांतरकाराकडून अरबी भाषांतर यांचा खर्च सोसावा लागतो. दुबईच्या आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्रासारख्या भागांत नोंदलेल्या कंपन्यांसाठी कायदा आणि न्यायालय दोन्ही निराळे आहेत.

भारतात परतल्यावर तिथे कोणाला तरी आपल्या वतीने उभे करायचे असेल, तर मुखत्यारपत्राचा प्रवास लांबचा आहे. संयुक्त अरब अमिराती अपोस्टिल करारात नसल्यामुळे इथे नोटरी, मग राज्य शासनाच्या गृह विभागाचे प्रमाणन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्यांची वकिलात, आणि तो कागद तिकडे पोहोचल्यावर त्यांचे परराष्ट्र मंत्रालय व अरबी भाषांतर, अशा पायऱ्या चढाव्या लागतात. अमळनेर-जळगावच्या माणसासाठी याचा अर्थ मुंबईच्या फेऱ्या असा होतो. त्यांची वकिलात मुंबईत आहे, ती दिल्लीला जाण्यापेक्षा पुष्कळ बरी, पण दिवस मोडतोच. हे काम निघण्यापूर्वी तिथल्याच नोटरीकडे उरकून घेतले तर हा सगळा व्याप वाचतो.

भारतीय वाणिज्य दूतावासाच्या दुबईतील प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा इथे कृतज्ञतेने उल्लेख करावासा वाटतो. 800 46342 हा त्यांचा क्रमांक आहे आणि कायदेशीर सल्ल्यासाठी ते पैसे घेत नाहीत. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावरही, जे 2015 पासून सुरू आहे, गावी बसून तक्रार नोंदवता येते. हे दोन्ही मार्ग कंपनीकडून वसुली करून देत नाहीत, परंतु कोणत्या खिडकीवर जावे ते बरोबर सांगतात, आणि परमुलखात एकट्या पडलेल्या मुलाला तेवढ्याने मोठा धीर येतो.

याउलट, वसुली करून देतो म्हणणाऱ्या खासगी सल्लागारांपासून दूर राहावे, असे मी ठामपणे सांगेन. अशा एका कार्यालयाने आमच्याकडे आगाऊ रक्कम आणि शिवाय वसुलीतला तिसरा हिस्सा मागितला. ते नेमके काय करणार, असे विचारल्यावर कळले की ते मंत्रालयाकडे हीच विनामूल्य तक्रार दाखल करणार होते. कष्टाने कमावलेला पैसा परत मिळवण्यासाठी त्यातलाच मोठा भाग असा वाटून टाकणे मला मान्य नाही. दावा न्यायालयात गेला आणि वकील लागलाच, तर त्याचे शुल्क लेखी ठरवून घ्यावे.

कंपनीचा मालक भारतीय असेल आणि त्याची मालमत्ता इकडे असेल, त्यांनी एक तरतूद ध्यानात ठेवावी. 17 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेने भारत सरकारने संयुक्त अरब अमिरातीला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ खाली परस्पर अंमलबजावणीचा देश ठरवले आहे. त्यामुळे तिथल्या न्यायालयाच्या पैशाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत घेऊन इथल्या जिल्हा न्यायालयात थेट दरखास्त लावता येते, नव्याने दावा लढावा लागत नाही. यासाठी न्यायालयाचा हुकूमनामा हातात असावा लागतो, नुसत्या समेटाच्या कागदावर हे होत नाही.

भाच्याच्या तिसऱ्या व्यवहारासाठी आम्ही हाच रस्ता धरला आहे. त्या फ्लॅटची अंतरिम नोंदणी झाल्याचा उतारा त्याच्याकडे आहे, आणि नोंदणीची तारीख त्याच्या राजीनाम्याच्या आधीची आहे. दोन वर्षांची मुदत अजून शिल्लक आहे, मुखत्यारपत्र परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्यापर्यंत पोहोचले आहे, आणि वकिलातीची पायरी तेवढी बाकी आहे.