मळ्यातल्या गोठ्यापुरती सौरवीज: ट्यूब्युलर की लिथियम, लहान प्लेट की मोठी?

जुन्नर-आंबेगावच्या ऊसपट्ट्यात मळ्यातल्या शेळ्यांच्या गोठ्यापाशी रात्रभर एक तरी दिवा असावा, असे प्रत्येकाला वाटते आणि त्याचे कारण बिबट्या आहे, हे वेगळे सांगायला नको. गावठाणापासून दूर असलेल्या अशा गोठ्यापर्यंत बहुधा शेतीपंपांच्या फीडरवरचीच वीज पोहोचते. ती ठरावीक तासच येते आणि दिव्यासाठी स्वतंत्र जोडणी घ्यायची म्हटले, तर खांब आणि तारेचा खर्चच दिव्याला परवडत नाही. म्हणून एक प्लेट (सौर पॅनेल), बॅटरीत येणारी-जाणारी वीज सांभाळणारा एक चार्ज कंट्रोलर आणि एक बॅटरी एवढ्यावर भागवण्याचा विचार पुष्कळ जण करतात. पण दुकानात गेल्यावर बॅटरी कोणती आणि प्लेट केवढी, या दोन प्रश्नांवर गाडी अडते.

त्याआधी आपल्याला वीज किती लागणार, हे कागदावर मांडले पाहिजे. ५ वॅटचा एक दिवा १२ तास, ७ वॅटचे दोन दिवे संध्याकाळी ३ तास आणि दोन मोबाइलचे चार्जिंग, असा हिशेब केला तर रोज सुमारे १३० वॅट-तास लागतात आणि वाटेतली गळती धरता १६० धरावेत. उन्हाळ्यात १५ वॅटचा डीसी, म्हणजे बॅटरीवर थेट चालणारा पंखा ५ तास लावला, तर त्यात ७५ ची भर पडते. मात्र तेव्हा ऊनही भरपूर असल्याने त्याची फारशी काळजी नसते. खरी कसोटी पावसाळ्यात लागते आणि त्यासाठी दोन ढगाळ दिवस तग धरील एवढी, म्हणजे ३२० वॅट-तासांची शिल्लक बॅटरीत हवी. खालची सगळी तुलना या आकड्यांवर बेतलेली आहे.

येथेच एक मोह टाळावा लागतो आणि तो म्हणजे इन्व्हर्टरचा. घरातले २३० व्होल्टचे दिवे चालतील म्हणून लहान इन्व्हर्टर घेतला, तर तो काहीही न चालवता नुसता चालू राहूनच ५ ते १० वॅट खातो. चोवीस तासांत ते १२० ते २४० वॅट-तास होतात, म्हणजे गोठ्याच्या पूर्ण गरजेइतके किंवा त्याहूनही जास्त. १२ व्होल्टचे डीसी दिवे थेट कंट्रोलरवरून घेणे हाच येथे स्वस्त आणि शहाणा मार्ग आहे.

बॅटरीच्या बाबतीत शर्यतीत तीन उमेदवार असतात, पण पहिला लगेच बाद करण्यासारखा आहे. तो म्हणजे ट्रॅक्टरची उतरवलेली जुनी बॅटरी. फुकट मिळते म्हणून मीही एकदा ती लावली होती आणि दिवाळीला लावलेली बॅटरी होळीच्या आत रात्री दोननंतर दिवा मंद करू लागली. दोष बॅटरीचा नव्हता. स्टार्टर फिरवण्यासाठी क्षणभर प्रचंड विद्युतप्रवाह देणे हे तिचे काम असते, म्हणून तिच्या आतल्या शिशाच्या प्लेटा पातळ असतात. रोज हळूहळू रिकामे होऊन पुन्हा भरणे त्यांना सोसत नाही.

उरल्या दोन, म्हणजे लेड-ॲसिड ट्यूब्युलर आणि लिथियम फेरो फॉस्फेट. ट्यूब्युलर बॅटरी जाड नळीदार प्लेटांमुळे रोजचे चढउतार सहन करते, पण तिला निम्म्याहून जास्त रिकामी करू नये, हा तिचा नियम आहे. त्यामुळे ३२० वॅट-तास मिळवण्यासाठी किमान ६४० ची, म्हणजे १२ व्होल्ट ६० ॲम्पिअर-अवरची (१२ गुणिले ६०, म्हणजे ७२० वॅट-तासांची) बॅटरी घ्यावी लागते. लिथियम बॅटरी ८० टक्क्यांहून अधिक वापरता येत असल्याने तेच काम १२.८ व्होल्ट ३० ॲम्पिअर-अवरमध्ये भागते. दुकानदार ६० आणि ३० हे आकडे शेजारी ठेवून ट्यूब्युलर दुप्पट मोठी असल्याचे सांगतो, तेव्हा ही गोष्ट ध्यानात ठेवावी. भाव गावागणिक बदलतात. तरी ट्यूब्युलरला साधारण ६ ते ८ हजार आणि लिथियमला ७ ते १० हजार, असे अंतर आता पूर्वीइतके मोठे राहिलेले नाही. आयुष्याचा विचार केला तर चांगली लिथियम बॅटरी दोन हजारांहून अधिक वेळा भरता-रिकामी करता येते, तर ट्यूब्युलर नीट सांभाळली तरच चार-पाच वर्षे निघतात.

हे सांभाळणे म्हणजे नेमके काय, ते पाहण्यासारखे आहे. महिन्या-दोन महिन्यांनी झाकणे उघडून पाण्याची पातळी पाहायची आणि त्यात केवळ डिस्टिल्ड वॉटर घालायचे. विहिरीचे पाणी घातले की त्यातले क्षार प्लेटांवर बसतात. टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी जमली की ती गरम पाण्याने धुऊन वर पेट्रोलियम जेली लावायची. ही बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन हा पेट घेणारा वायू सोडते, म्हणून ती कडब्याच्या गंजीशेजारी किंवा बंद पेटीत ठेवता येत नाही आणि शेळ्यांच्या तोंडापासूनही दूर ठेवावी लागते. शिवाय तिला दररोज पोटभर चार्जिंग लागते: ६० ॲम्पिअर-अवरच्या बॅटरीला सुमारे ६ ॲम्पिअरचा प्रवाह हवा आणि तो १०० वॅटची प्लेट जेमतेम देते. पैसे वाचवायला ५० वॅटची प्लेट लावली, तर बॅटरी कायम अर्धपोटी राहून तिच्या आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट होतो आणि दोन वर्षांत ती भंगारात जाते. लिथियमला अर्धवट भरल्याचे काहीच वाटत नाही.

लिथियमच्या अडचणी वेगळ्या आहेत. बॅटरी पूर्ण उतरली की आतले संरक्षक सर्किट तिची जोडणी तोडते आणि मग काही स्वस्त कंट्रोलरना समोर बॅटरी आहे, हेच कळत नाही. प्लेटवर ऊन असूनही चार्जिंग सुरू होत नाही. म्हणून कंट्रोलरवर लिथियमची सेटिंग आहे ना, हे घेतानाच पाहावे. दुसरे असे की, ट्यूब्युलर वीस किलोंहून जड, तर ही चारेक किलोंची. गरज पडली तर पिशवीत घालून घरी आणता येते, पण चोरालाही तेवढीच सोयीची पडते. तापलेल्या पत्र्याखालचे ऊन मात्र दोघींनाही मानवत नाही, त्यामुळे बॅटरी पत्र्यालगत न ठेवता खाली, सावलीच्या भिंतीशी ठेवावी.

माझा कौल असा: गोठ्यावर रोज कोणी तरी राहते आणि त्याला पाणी घालण्याची शिस्त आहे, किंवा घरात कुंपणाच्या झटका मशीनची ट्यूब्युलर बॅटरी सांभाळण्याची आधीच सवय आहे, तर ट्यूब्युलर घ्यावी; माणूस फक्त धारेच्या वेळी येऊन जात असेल, तर हजार-दोन हजार जास्त मोजून लिथियमच घ्यावी. ट्यूब्युलर घेणाऱ्याने कंट्रोलरचा कट-ऑफ, म्हणजे ज्या व्होल्टेजला तो दिवे बंद करतो तो आकडा, हमखास तपासावा. तो कारखान्यातून बहुधा १०.७ व्होल्टवर लावलेला असतो, तोपर्यंत बॅटरी जवळपास पूर्ण उतरलेली असते, म्हणून तो ११.८ च्या आसपास आणावा.

प्लेटचा प्रश्न कंट्रोलरशी बांधलेला आहे. १२ व्होल्टसाठी बनवलेल्या ३६ सेलच्या १०० वॅट प्लेटचा व्होल्टेज सुमारे १८ असतो आणि तिच्याबरोबर हजाराच्या आतला साधा, पीडब्ल्यूएम प्रकारचा कंट्रोलर चालतो. छतांवरच्या ५४० वॅटच्या मोठ्या प्लेटा प्रतिवॅट बऱ्याच स्वस्त पडतात, त्यामुळे तीच घ्यावीशी वाटते. पण तिचा व्होल्टेज ४१ च्या घरात असतो. पीडब्ल्यूएम तिला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो, त्यामुळे १३ ॲम्पिअर गुणिले १३ व्होल्ट, म्हणजे १७० वॅटच हाती लागतात आणि बाकीचे वाया जातात. ते वाचवायला जास्तीचा व्होल्टेज प्रवाहात बदलणारा एमपीपीटी कंट्रोलर हवा आणि अस्सल एमपीपीटी तीन-चार हजारांच्या खाली सहसा मिळत नाही. नाव एमपीपीटी आणि आत पीडब्ल्यूएम, असे खोके बाजारात पुष्कळ आहेत. हातात घेऊन पाहावे, आत तांब्याचे जड वेटोळे नसलेला खोका फुलासारखा हलका लागतो. तेव्हा केवळ दिवे आणि मोबाइल असतील, तर लहान प्लेट आणि पीडब्ल्यूएम; पुढे कडबाकुट्टी नव्हे, पण निदान पाण्याची छोटी डीसी मोटर जोडण्याचा विचार असेल, तर मोठी प्लेट, एमपीपीटी आणि त्याला साजेशी मोठी बॅटरी. फक्त अंगणातला एकच दिवा हवा असेल, तर यांतले काहीच नको. प्लेट, बॅटरी आणि दिवा एकत्र असलेला तयार सौरदिवा खांबावर ठोकावा.

उरली तार, जिच्यावर लोक सर्वांत आधी काटकसर करतात. १२ व्होल्टवर ५ ॲम्पिअर प्रवाह १० मीटर लांब नेताना २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत जाऊन-येऊन सुमारे पाऊण व्होल्ट गळतो. ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत तो अर्ध्या व्होल्टच्या आत राहतो. बॅटरीच्या धन टर्मिनलपासून वीतभर अंतरावर फ्यूज हवाच, कारण उंदराने तार कुरतडली तर आग कडब्यापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. आणि जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी व मग प्लेट जोडावी. सोडवताना उलट क्रम, आधी प्लेट आणि मग बॅटरी.