तालमीतली मेहनत की जिममधले वजन? चाळिशीत व्यायाम सुरू करणाऱ्यासाठी तुलना

रक्ततपासणीचा एखादा अहवाल हाती पडतो किंवा तिसऱ्या मजल्याचा जिना चढताना मध्येच कठड्याला धरून उभे राहावे लागते, आणि चाळिशीतला नोकरदार माणूस व्यायामाचे मनावर घेतो. त्याच्यापुढे बहुधा दोन पर्याय असतात. पहिला म्हणजे जोर, बैठका आणि सूर्यनमस्कार ही तालमीतली मेहनत, जी घरच्या सतरंजीवरही करता येते. दुसरा म्हणजे फी भरून जिममध्ये वजन उचलणे. मी दोन्ही केले आहे, दोन्ही अर्धवट सोडलेही आहे, आणि गेली सहा वर्षे दोन्हींची नोंद एका दोनशेपानी वहीत ठेवत आलो आहे. पुढची तुलना ज्याला कुस्ती लढायची नाही, स्पर्धेत उतरायचे नाही, पण अंगात ताकद हवी आहे आणि पोट उतरायला हवे आहे, अशा माणसासाठी आहे. रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास किंवा मणक्याचे जुने दुखणे असेल, तर दोन्हींपैकी काहीही सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

वजन वाढवण्याची सोय

ताकद वाढायची तर शरीरावरचा भार थोडाथोडा वाढत गेला पाहिजे, एवढे एकच तत्त्व दोन्हीकडे लागू आहे. फरक पडतो तो भार वाढवण्याच्या सोयीत. जमिनीवर हात टेकून केलेल्या साध्या पुश-अपमध्ये शरीराच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग हातांवर येतो. म्हणजे ७२ किलोच्या माणसाला पहिल्याच दिवशी जवळजवळ ४८ किलो पेलावे लागतात, आणि सपाट्या जोरात तर कंबर वर ठेवून छाती दोन्ही हातांमधून खाली सरकवत पुढे काढायची असल्याने खांदे आणखीच कसाला लागतात. ज्याने वीस वर्षांत काही उचललेले नाही, त्याला असा एकही जोर नीट जमत नाही आणि तो खजील होऊन सतरंजी गुंडाळून ठेवतो. त्याने आधी भिंतीला, मग ओट्याला, मग पलंगाच्या कडेला हात टेकून जोर मारावेत. मात्र हे घरी सांगायला कोणी नसते.

जिममध्ये हीच गोष्ट आकड्यांत बसते. मोठा बार २० किलोचा असतो, तो जड वाटला तर पाच-पाच किलोचे डंबेल असतात, आणि बार पेलू लागला की दोन्ही बाजूंना सव्वा किलोची एकेक प्लेट चढवून पुढच्या आठवड्यात २२.५ किलो करता येतात. मला जिमचे सर्वांत मोठे मोल या सव्वा किलोच्या प्लेटमध्ये वाटते. आरसे, एसी आणि कानठळ्या बसवणारी गाणी यांच्यासाठी कोणी फी भरत असेल तर भरो.

बैठकांचे गणित याच्या उलट आहे. त्या बहुतेकांना पहिल्या दिवसापासून जमतात, पण लवकरच त्यांतून ताकदीपेक्षा दमच जास्त वाढू लागतो. माझ्या वहीत चार महिन्यांत बैठका ३० वरून १५० वर गेलेल्या दिसतात. दम वाढला, जिना सोपा झाला, पँट कमरेत सैल झाली. पण भरलेला गॅस सिलिंडर, जो साधारण ३० किलोचा असतो, तो दोन मजले वर नेला तेव्हा कंबर दुसऱ्या दिवशीही धरलेली होती. पुढे जिममध्ये ६० किलोचा डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बार पाठ सरळ ठेवून उचलत उभे राहणे, नीट करता येऊ लागल्यावर तोच सिलिंडर नेताना मला मध्ये थांबावे लागले नाही.

मेहनतीतला गाळलेला अर्धा भाग

इथे थोडे मागे जावे लागेल. सूर्यनमस्कार आज घरोघरी माहीत आहेत, यामागे औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केलेल्या प्रसाराचा मोठा वाटा आहे, आणि त्यांचा हेतूच मुळी सामान्य माणसाला साधनांवाचून व्यायाम मिळावा हा होता. जोर-बैठकांचे तसे नाही. ती पैलवानांची मेहनत आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला आश्रय दिला, तालमी उभ्या राहिल्या, खासबागेचे मैदान झाले, आणि कोल्हापुरात कुस्ती घोटलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. त्या तालमीतला पैलवान पहाटे जोर-बैठका मारत असे, पण त्यानंतर तो तालमीतल्या मातीच्या हौद्यात उतरून जोडीदाराशी लढत असे, त्याला ओढत असे, उचलत असे. शिवाय दोर चढणे, मल्लखांब आणि मुद्गल हेही असे. म्हणजे पाठ, दंड आणि पकड यांचे काम लढतीतच होऊन जात होते.

आपण घरी फक्त जोर आणि बैठका घेऊन येतो, म्हणजे ढकलण्याचा आणि उठण्याबसण्याचा भाग घेतो आणि ओढण्याचा भाग तालमीतच राहतो. दिवसभर संगणकापुढे खांदे पुढे झुकवून बसणाऱ्याला तर त्याचीच गरज जास्त. निव्वळ जोर मारून माझी छाती भरली, पण खांदे आणखी पुढे आल्यासारखे दिसू लागले, हे मला एका लग्नातल्या फोटोत प्रथम जाणवले. घरी मेहनत करणाऱ्याने दाराच्या चौकटीत बसणारा पुल-अप बार आणावा. लोंबकळण्यापासून सुरुवात केली तरी चालते. नाहीतर पाण्याने भरलेला वीस लिटरचा कॅन एका हाताने कमरेपर्यंत ओढावा. जिममध्ये यासाठी लॅट पुलडाउन (वरचा दांडा छातीकडे ओढण्याचे) आणि केबल रो (समोरची मूठ पोटाकडे ओढण्याचे) अशी यंत्रे आयती असतात आणि नवख्यालाही ती पहिल्या दिवसापासून वापरता येतात. या एका बाबतीत घरची मेहनत जिमच्या जवळपासही येत नाही, असे माझे मत आहे.

खऱ्या तालमीत जायची सोय असेल, तर मात्र पारडे बदलते. तिथे वस्तादाची नजर असते. उजवा गुडघा आत वळतो आहे, हे तो पलीकडच्या कोपऱ्यातून ओरडून सांगतो, आणि त्याची पर्सनल ट्रेनिंगची वेगळी फी नसते. अडचण अशी की बहुतेक तालमी कुस्तीसाठी आहेत, तिथले वेळापत्रक पैलवानांचे आहे आणि स्त्रियांना तिथे क्वचितच प्रवेश असतो. त्यांच्यासाठी दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरासारख्या किंवा पुण्याच्या महाराष्ट्रीय मंडळासारख्या संस्थांची परंपरा अधिक उपयोगाची आहे.

पहिला आठवडा

दोन्हीकडे सर्वांत जास्त माणसे गळतात ती पहिल्या आठवड्यात, आणि कारण एकच असते: उत्साह. जिममध्ये नवा ट्रेनर पहिल्याच दिवशी पायांचा सगळा कार्यक्रम उरकून घेतो. घरी आपण आपल्यालाच शंभर बैठकांचे आव्हान देतो. स्नायूंचे दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत तीव्र असते, हे माहीत नसल्याने माणूस घाबरतो. हे दुखणे आपोआप जाते. पण स्नायू विलक्षण सुजले आणि लघवी गडद, कोऱ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण सवय नसताना अतोनात बैठका मारल्याने स्नायू तुटून मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो.

गुडघ्यांबाबत तालमीतल्या बैठकीची वेगळी नोंद घ्यावी लागेल. तिच्यात टाचा उचलल्या जातात, भार चवड्यांवर येतो आणि गुडघे बरेच पुढे जातात. ज्याचे गुडघे निरोगी आहेत त्याला हळूहळू याची सवय होते. ज्याचे कुरकुरतात त्याने टाचा टेकवून, मागे खुर्ची ठेवून, तिच्यावर बसून उठण्यापासून सुरुवात करावी. जिममधला लेग प्रेस, म्हणजे बसून पायांनी वजन ढकलण्याचे यंत्र, अशा माणसाला अधिक मानवतो, कारण तिथे किती वाकायचे आणि किती वजन घ्यायचे हे दोन्ही आपल्या हातात राहते.

हजेरी आणि पैसे

मी एका जिमची वर्षाची फी १२,००० रुपये एकरकमी भरली होती. वर्षाअखेरीस वहीत मोजले तेव्हा हजेरी ४१ दिवस निघाली, म्हणजे एका दिवसाला जवळजवळ २९३ रुपये पडले. दोष जिमचा नव्हता. ते कार्यालयाच्या विरुद्ध दिशेला होते आणि पावसाळ्यात त्या रस्त्यावर पाणी भरत असे. त्याच वर्षी घरी मारलेल्या जोर-बैठकांचे दिवस १६० च्या वर होते, कारण त्यासाठी बूट घालावे लागत नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम जोमाची हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. यांतला पहिला भाग चालण्याने आणि सूर्यनमस्कारांनी फुकटात होतो. जिमची गरज पडते ती दुसऱ्या भागासाठी, आणि तिथेही दोन दिवस पुरतात. रोज जाण्याची प्रतिज्ञा करणारा माणूस तीन दिवस चुकला की स्वतःवरच रुसतो आणि येणेच बंद करतो, असे मी अनेकांचे पाहिले आहे.

खुराक

तालमीचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई आणि मटण. दिवसातले पाच-सहा तास अंग घुसळणाऱ्या पैलवानाला तो पचतो. चाळीस बैठका मारून आठ तास खुर्चीत बसणाऱ्याला तो पोटावर दिसतो: एक मोठा चमचा तूप म्हणजे साधारण १३० कॅलरी, आणि वीस बदाम म्हणजे जवळजवळ १४० कॅलरी पण प्रथिने जेमतेम ५ ग्रॅम. बदामाने अंगाला ताकद येते हे आजीचे म्हणणे मोडवत नाही, पण प्रथिनांसाठी बदामावर विसंबणे महागात पडते.

जिमचा खुराक दुसऱ्या टोकाला जातो. तिथे पहिल्या आठवड्यातच व्हे प्रोटीनचा डबा गळ्यात मारला जातो. आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे सामान्य प्रौढाला शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. वजन उचलणाऱ्याने १.६ ग्रॅमच्या आसपास जावे असे साधारण मानले जाते. ७० किलोच्या माणसाला हे अनुक्रमे ५८ आणि ११२ ग्रॅम होतात. तीन अंड्यांतून १८, अर्धा लिटर दुधातून १६, ५० ग्रॅम सोया चंक्समधून २६ आणि १०० ग्रॅम पनीरमधून सुमारे १८ ग्रॅम मिळतात. उरलेले आमटी, उसळ आणि भाकरी मिळून बरेचसे भरून काढतात. व्हे म्हणजे चीज करताना उरणाऱ्या दुधाच्या पाण्यापासून केलेली पूड. त्यात जादू नाही आणि विषही नाही. अंडी न खाणाऱ्याला किंवा सकाळी ७.१२ ची लोकल पकडणाऱ्याला डब्यातल्या मापाचा एक चमचा (स्कूप), म्हणजे २४-२५ ग्रॅम प्रथिने, सोयीचा पडतो, एवढाच त्याचा हिशेब. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्याने मात्र प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

वजनकाट्याबद्दल एवढेच सांगतो की रोजच्या आकड्यात पाणी आणि मीठ यांमुळे किलो-दीड किलोचा फरक सहज पडतो. तेव्हा सात दिवसांची सरासरी काढावी आणि जोडीला कमरेचे माप घ्यावे.

मग कोणी काय निवडावे

ज्याची हजेरी हाच मुख्य प्रश्न आहे, म्हणजे ज्याने आतापर्यंत दोनदा तरी जिमची फी बुडवली आहे, त्याने तीन महिने घरीच जोर, टाचा टेकवलेल्या बैठका आणि बारला लोंबकळणे एवढेच करावे. ज्याच्या बैठका शंभराच्या पुढे गेल्या आहेत आणि तरी पिशवी उचलताना पाठ बोलते, त्याने आता जिममध्ये जावे. त्याचे घरचे काम संपले आहे. पन्नाशीकडे झुकलेल्यांना आणि विशेषतः रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या स्त्रियांना मी सरळ जिमच सुचवीन, कारण त्या वयात हाडांना आणि मांड्यांना वाढत्या वजनाची गरज असते. मी स्वतः सध्या मंगळवारी आणि शुक्रवारी जिममध्ये जातो, आणि इतर तीन दिवस सकाळी बारा सूर्यनमस्कार घालतो.

जिम पाहायला जाल तेव्हा ट्रेडमिल मोजू नका. ज्या वेळी तुम्ही रोज जाणार आहात त्याच वेळी जा, स्क्वॉट रॅकपुढे (बार खांद्यावर घेऊन बैठका मारण्याच्या लोखंडी चौकटीपुढे) किती जण थांबले आहेत ते पाहा, आणि रॅकच्या खालच्या खुंटीवर सव्वा किलोच्या प्लेटची जोडी आहे का ते विचारा. नसेल, तर वर्षाची फी भरू नका. एका महिन्याची भरा.