कलाकारांच्या घरी मुक्काम : नऊ महिने, चार खेपा आणि एक कप

पहिल्या मुक्कामानंतर लगेच लिहायला बसलो असतो तर पाचपैकी दोन तारे देऊन मोकळा झालो असतो. बरं झालं, आळस केला. नऊ महिन्यांत चार वेळा जाऊन आलो, सगळ्या मिळून २६ रात्री झाल्या. आता बोलायला हरकत नाही.

गावाबाहेरचं जुनं घर. तीन खोल्या पाहुण्यांना, उरलेलं घर कामाला. ताई मातीची भांडी करतात. त्यांचे यजमान चित्रकार, पण आयुष्यभर शिकवण्यात गेल्यामुळे त्यांना सगळे 'सर'च म्हणतात, ताईसुद्धा. राहणं आणि सकाळचा नाश्ता एवढंच मिळतं. गाद्या चांगल्या, गरम पाणी वेळेवर, नेट यथातथा. एवढं सांगितलं की हॉटेलच्या हिशोबातलं सगळं संपलं.

पहिल्या खेपेला पोचलो तो नेमका भट्टीचा दिवस. लाकडांवरची भट्टी. रात्रभर दर काही मिनिटांनी ढलप्या आत टाकल्याचा आवाज, खिडकीतून धूर आणि सकाळी आठचा नाश्ता दहाला. तक्रार करायला गेलो तर काजळी माखलेल्या चेहऱ्याने ताई म्हणाल्या, "थर्मासात चहा आहे, तेवढा घ्या. मी आत्ता हलले तर दोन महिन्यांचं काम जाईल." पैसे मोजलेल्या माणसाला हे ऐकून जे वाटायचं तेच मला वाटलं.

समजूत घालायची म्हणून असेल, तिसऱ्या दिवशी त्यांनी मला चाकावर बसवलं. चौथ्या प्रयत्नात कपासारखं काहीतरी उभं राहिलं. त्या आनंदात मी हात धुवायला खोलीतल्या बेसिनकडे गेलो आणि बेसिन तुंबवलं. माती पाण्यात विरघळत नाही, नळीत जाऊन खाली बसते. म्हणून कार्यशाळेच्या दारात दोन बादल्या ठेवलेल्या असतात : पहिलीत हात धुवायचे, दुसरीत खळबळायचे, गाळ खाली बसला की वरचं पाणी झाडांना आणि माती परत कामाला. हे आधी सांगायला हवं होतं. आता तिथे पाटी लावलीय, ती माझ्यामुळे.

कप घेऊनच निघायचं असं मी धरून चाललो होतो. ताई हसल्या. आधी तो सावलीत हळूहळू सुकणार, मग साधारण १००० अंश सेल्सिअसला पहिली भाजणी, त्याला त्या 'बिस्क' म्हणतात. मग वर ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, आणि दुसरी भाजणी १२८० च्या आसपास. आणि एका कपासाठी कोणी भट्टी पेटवत नाही. ती भरेपर्यंत थांबायचं. दुसऱ्या खेपेला कप भेटला तो फिकट, कोरडा, जिभेला चिकटेल असा. तिसऱ्या खेपेला मात्र मी मुद्दाम भट्टीची तारीख विचारून गेलो.

त्या रात्री झोपलोच नाही. भट्टीच्या भोकातून आत पाहिलं की पांढरट-पिवळ्या उजेडात तीन छोटे शंकू उभे दिसतात. ठरावीक उष्णता पोटात गेली की ते एकेक करून वाकतात. तापमापक आहेच, पण ताईंचा विश्वास शंकूंवर. किती तापलं याच्याइतकंच किती वेळ तापलं यालाही महत्त्व असतं, आणि ते शंकूला कळतं. पहाटे शेवटचा शंकू वाकला, तोंडं बंद केली, आणि मला वाटलं झालं. कुठलं! भट्टी निवायला दोन दिवस. ५७३ अंशांच्या आसपास मातीतलं क्वार्ट्झ एकदम आक्रसतं, तेव्हा गार वारा लागला की भांड्याला तडा. माझी परतीची गाडी दुसऱ्याच दिवशी होती. कप राहिला भट्टीत.

सरांच्या बाजूचं थोडक्यात सांगतो. चित्रशाळेला लागून असलेली खोली घेऊ नका, टर्पेंटाइनचा वास उशीपर्यंत येतो. वरची खोली मागा. खोल्यांमध्ये लावलेल्या तैलचित्रांना हात लावू नका. रंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि जाड थराला त्यात महिने जातात. माझ्या एका शर्टाची बाही अजून निळी आहे. सरांनी चित्राकडे पाहिलं, बाहीकडे पाहिलं आणि म्हणाले, "ढग बरा झालाय." याच तेलाच्या चिंध्या ढीग करून ठेवल्या तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून बाहेर पाणी भरलेला झाकणाचा पत्र्याचा डबा आहे. तो कचऱ्याचा नाही. लहान मुलं सोबत असतील तर आधी फोन करून बोला. दम्याचा त्रास असेल तरीही. सुक्या मातीच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसांना वाईट. कार्यशाळेत केरसुणी कधीच चालत नाही, फक्त ओलं पुसतात, पण शेवटी ती कार्यशाळाच.

एक गोष्ट मात्र खटकली ती खटकलीच. पहिल्या दोन खेपांना खोलीतल्या प्रत्येक चित्राखाली किमतीची चिठ्ठी होती. दुकानात अंथरूण टाकल्यासारखं वाटायचं. हे मी सरांना स्पष्ट सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण तिसऱ्या खेपेला चिठ्ठ्या गेल्या होत्या. गंमत म्हणजे त्यानंतरच मी एक चित्र घेतलं. ते पूर्ण वाळून वार्निश व्हायचंय, म्हणून अजून तिथेच आहे.

चौथ्या खेपेला नाश्त्याच्या टेबलावर कप वाट पाहत होता. माती सुकताना आणि भाजताना मिळून दहा-बारा टक्के आटते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल. तीन घोटांत चहा संपतो. कान थोडा तिरका आहे. ताईंनी न विचारता दुसऱ्यांदा भरला.

पुढच्या भट्टीची तारीख आलीय. वरची खोली सांगून ठेवलीय आणि परतीचं तिकीट तीन दिवस पुढचं काढलंय. यावेळी मोठा कप करणार आहे.