करवंटीच्या कोळशाचे आठ महिने

दुबईत नोकरीनिमित्त आल्यापासून मित्रांच्या सोबतीने अधूनमधून हुक्का ओढत आलो असलो, तरी घरात स्वतःचा हुक्का आणला तो गेल्या ऑक्टोबरमध्ये, उकाडा उतरून संध्याकाळी बाल्कनीत बसण्यासारखी हवा झाली तेव्हा. दुकानात तासभर उभे राहून मी दांडा, काचेचे भांडे, नळी आणि तंबाखूचे स्वाद निवडले; कोळसा मात्र दुकानदाराने पिशवीत टाकला तो मुकाट्याने घेऊन आलो. पुढचे तीन आठवडे घसा खवखवत राहिला, चव दहा मिनिटांत करपू लागली, आणि मी दर वेळी तंबाखूला बोल लावून नवा डबा आणत राहिलो. दोष कोळशाचा होता. त्यानंतर आठवड्याला एक, फार तर दोन बैठका या हिशेबाने मी वेगवेगळे कोळसे वापरून पाहिले आणि वहीत नोंदी ठेवल्या. त्या नोंदींच्या आधारे हे लिहीत आहे.

पहिला कोळसा झटपट पेटणारा होता. चपट्या गोल वड्या, दहा-दहाच्या गुंडाळीत चकचकीत कागदात बांधलेल्या. त्यात कोळशाच्या भुकटीबरोबर सोऱ्यासारखे ज्वलनाला मदत करणारे द्रव्य मिसळलेले असते, त्यामुळे काडी लावताच वडीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ठिणग्या तडतडत जातात आणि दोन-तीन मिनिटांत निखारा तयार होतो. सोय मोठी आहे. पण दिवाळीत विझलेल्या फुलबाजीला जो वास येतो, तोच वास पहिल्या काही झुरक्यांत तंबाखूच्या आधी तोंडात येतो. ठिणग्या पूर्ण थांबून वडीवर सगळीकडून राखाडी साय धरेपर्यंत थांबले तर हा वास बराच कमी होतो, हे मला उशिरा कळले. तरीही उष्णतेचा चढउतार राहतोच. वडी सुरुवातीला इतकी तापते की तंबाखू करपते, आणि अर्ध्या तासात इतकी निवते की दुसरी लावावी लागते. दुबईबाहेरच्या अल कुद्राच्या वाळवंटात रात्री तंबू ठोकून राहायचे असेल, जवळ वीज नसेल, तेव्हासाठी एक गुंडाळी मी अजूनही गाडीत ठेवतो. घरात ती वापरत नाही.

दुसरा प्रकार लाकडी कोळशाचा. इथल्या अनेक इजिप्शियन उपाहारगृहांत लिंबू-संत्र्याच्या जातीच्या झाडांच्या लाकडाचा कोळसा वापरतात, आणि तिथे तो शोभतो, कारण चाळणीसारख्या भांड्यात रसरशीत निखारे घेऊन एक माणूस सतत टेबलांमधून फिरत असतो आणि निवलेला तुकडा उचलून ताजा ठेवतो. घरी हे काम कोणी करायचे? तुकडे लहानमोठे असतात, काही वीस मिनिटांत संपतात, काही आतून न पेटताच राहतात, आणि मध्येच एखादा असा फुटतो की ठिणगी थेट गालिच्यावर. दोन किलो घेतला होता. उरलेला मांस भाजण्याच्या शेगडीत संपवला. याच्या उलट, शेगडीसाठी मिळणाऱ्या दाबीव कोळशाच्या वड्या हुक्क्यावर कधीही ठेवू नयेत, कारण त्यांत खाणीतल्या कोळशापासून चुनखडीपर्यंत काय काय मिसळलेले असू शकते.

शेवटी ज्यावर स्थिरावलो तो नारळाच्या करवंटीचा कोळसा. रत्नागिरीकडच्या माणसाला करवंटीच्या आचेचे अप्रूप वाटू नये. आमच्या न्हाणीतली चूल करवंट्यांवरच पेटायची, आणि गावातला परीट कोळशाच्या इस्त्रीत करवंटीचे निखारे भरायचा. हुक्क्यासाठी मात्र ती तशीच वापरत नाहीत. करवंट्या कमी हवेत जाळून त्यांचा कोळसा करतात, त्याची भुकटी दळून त्यात टॅपिओकासारखी खळ कालवतात, ती दाबून तिचे ठोकळे कापतात आणि भट्टीत वाळवतात. माझ्या हाती आलेल्या बहुतेक खोक्यांवर इंडोनेशियाचे नाव होते. २५ मिलिमीटरच्या ठोकळ्यांच्या एक किलोच्या खोक्यात ७२ नग येतात, २६ मिलिमीटरच्या खोक्यात ६४. फरक एका मिलिमीटरचा दिसतो, पण ठोकळ्याचे वजन त्याने १४ ग्रॅमवरून साडेपंधरा ग्रॅमच्या पुढे जाते, आणि आच त्याच प्रमाणात वाढते. एका चिलमीला, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीला, तीन ठोकळे धरले तर २५ चे खोके चोवीस बैठका चालते. मला फार धूर नको असतो, सौम्य आच आवडते, म्हणून २५ चेच ठोकळे परवडतात; ज्यांची चिलीम खोल आणि मोठी आहे त्यांनी २६ चे घ्यावेत. चपटे आयताकृती तुकडेही मिळतात. ते लवकर पेटतात, पण लवकर संपतात, आणि चिमट्यातून निसटतात.

करवंटीचा कोळसा म्हटले की सगळा सारखाच, असे मात्र नाही, आणि माझी खरी फसगत इथेच झाली. डिसेंबरमध्ये एका घाऊक दुकानातून बिननावाचे दहा किलोचे पोते निम्म्या भावात मिळाले म्हणून मी ते उचलले. ठोकळे दिसायला तेच होते. पेटवल्यावर जळक्या पोळीसारखा वास आला, राख करड्या रंगाची आणि भुसभुशीत पडू लागली, आणि चिलमीवरचा निखारा हलवताना ती राख छिद्रांतून थेट तंबाखूत जाऊ लागली. मनातला संशय फेडण्यासाठी एका रविवारी स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन बसलो. पूर्वीच्या चांगल्या खोक्यातले दहा ठोकळे आणि पोत्यातले दहा ठोकळे वेगवेगळ्या स्टीलच्या ताटल्यांत पूर्ण जळू दिले. दोन्हींचे सुरुवातीचे वजन १३९ ग्रॅमच्या आसपास होते. चांगल्या कोळशाची राख ३ ग्रॅम भरली, पोत्यातल्या कोळशाची ११. म्हणजे एकीकडे सुमारे दोन टक्के, दुसरीकडे जवळजवळ आठ. ही काही प्रयोगशाळा नव्हे. पण चांगल्या कोळशाची राख दोन-अडीच टक्क्यांच्या घरात असते असे जाणकार सांगतात, त्याच्याशी माझा काटा जुळला.

तेव्हापासून दुकानात मी तीन गोष्टी पाहतो. दोन ठोकळे एकमेकांवर आपटले तर टणक, जवळजवळ चिनीमातीसारखा आवाज यायला हवा. मंद, बसका आवाज आला तर कोळसा ओलसर तरी आहे किंवा नीट दाबलेला नाही. हाताला काळे फारसे लागू नये. आणि दुकानदार तयार असेल तर एक ठोकळा पेटवून दाखवायला सांगावा: राख पांढरी किंवा पांढुरकी असावी, आणि फुंकर मारल्याशिवाय ती निखाऱ्याला चिकटून राहावी. राखेच्या रंगाइतकी प्रामाणिक जाहिरात खोक्यावर कुठेच छापलेली नसते.

पण मला विचाराल तर कोळसा कोणता यापेक्षा तो किती पेटला आहे याने अधिक फरक पडतो. करवंटीचा ठोकळा काडीने पेटत नाही. त्यासाठी विजेची उघड्या तारेची छोटी शेगडी लागते, आणि तिच्यावरही दहा-बारा मिनिटे लागतात. पाच-सहा मिनिटांनी प्रत्येक ठोकळा उलटावा लागतो. घाईत मी अनेकदा वरून लाल दिसला की उचलून ठेवत असे. एकदा अंधार झाल्यावर दिवा न लावता शेगडीकडे पाहिले, तेव्हा नेमके काय चुकते ते दिसले: तीन ठोकळ्यांच्या पाचही बाजू केशरी होत्या, पण एकाच्या खालच्या कोपऱ्यात बोराएवढा काळा डाग होता. तो कोपरा चिलमीवर गेल्यावर दहा मिनिटे धुमसत राहतो, आणि घशाला लागते ते त्याचेच. आता मी दिवा मालवून, चिमट्याने प्रत्येक ठोकळा फिरवून, सहाही बाजू पाहूनच उचलतो. गॅसवर जाळी ठेवूनही काम होते, पण राख बर्नरच्या छिद्रांत जाते आणि दुसऱ्या दिवशी चहा ठेवताना घरच्यांचे बोलणे ऐकावे लागते. माझ्या एका मित्राने इंडक्शनवर ठोकळे ठेवून पंधरा मिनिटे वाट पाहिली होती. ते चुंबकाला चिकटणाऱ्या भांड्याशिवाय तापतच नाही, हे आठवेपर्यंत सगळे जेवून उठले.

ठेवण्याच्या पद्धतीवर फार लिहीत नाही. चिलमीच्या तोंडावर छिद्रांची फॉइल असेल तर तिन्ही निखारे कडेला ठेवावेत, मधोमध नको, आणि पंधरा-वीस मिनिटांनी त्यांची जागा बदलावी. झाकणाचे धातूचे भांडे, म्हणजे लोटस किंवा त्यासारखे, असेल तर आच जास्त काळ टिकते आणि राख तंबाखूत पडत नाही. माझ्या नोंदींप्रमाणे फॉइलवर तासभर आणि भांड्यात दीड तासापर्यंत तीन ठोकळे पुरतात. साठवण्याबाबत मात्र एक सांगायला हवे. एप्रिलनंतर इथली हवा दमट होते आणि कोळसा ओल धरतो. उघड्या खोक्यातले ठोकळे मे महिन्यात शेगडीवर तडकू लागले, एकाचा तुकडा उडून माझ्या बनियनला भोक पाडून गेला. आता खोके फोडले की ठोकळे घट्ट झाकणाच्या डब्यात जातात, जसे कोकणात पावसाळ्यापूर्वी पापड जातात.

याच मे महिन्यात आठ महिन्यांतली सर्वांत वाईट संध्याकाळ आली. बाहेर बसणे अशक्य झाले होते, म्हणून आम्ही तिघे दिवाणखान्यात एसी लावून, दारे-खिडक्या बंद करून बसलो. दोन चिलमी झाल्या. दुसरी संपत आली असताना एक मित्र पाणी आणायला उठला आणि भिंतीला धरून उभा राहिला. त्याला गरगरत होते आणि मळमळत होते. माझ्या कानशिलांत ठणका सुरू होता, पण मी तो थकव्याचा समजत होतो. आम्ही दारे उघडली, निखारे बाहेर नेले आणि खाली मोकळ्यावर जाऊन बसलो. तासाभराने तिघांनाही बरे वाटले. बरे वाटले नसते तर थेट रुग्णालय गाठायला हवे होते, आणि खरे तर त्याही दिवशी गाठायला हवे होते, कारण ही कार्बन मोनॉक्साइडची बाधा होती. या वायूला वास नसतो. हलक्या प्रतीचा कोळसा निदान डोळे चुरचुरवून सावध करतो. चांगला कोळसा धूर करत नाही, वास देत नाही, म्हणून खोलीतली हवा स्वच्छच वाटत राहते.

हुक्क्यातले पाणी हा वायू अडवते, अशी समजूत मीही बाळगून होतो. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चिलीम एकदा कोळशाने आणि एकदा विजेच्या तापकाने तापवून धुराची तुलना केली होती, आणि धुरातला सुमारे ९० टक्के कार्बन मोनॉक्साइड कोळशातून येतो असे त्यांना आढळले. करवंटीचा कोळसा ‘नैसर्गिक’ आहे, हे खोक्यावरचे वाक्य त्यामुळे मी आता चवीपुरतेच वाचतो. घरात या वायूचा इशारा देणारे यंत्र बसवले आहे, बंद खोलीत हुक्का पूर्ण बंद केला आहे, आणि आठवड्याच्या दोन बैठका एकीवर आल्या आहेत.

निखारा विझवणे हेही कामच आहे. राखेखालचा निखारा कित्येक तास जिवंत राहतो. जानेवारीत बैठक संपल्यावर तासाभराने मी राख कचऱ्याच्या पिशवीत टाकली आणि पाच मिनिटांत प्लॅस्टिक वितळल्याचा वास आला. डब्याच्या तळाला रुपयाएवढे भोक पडले होते. मुंबईत २९ डिसेंबर २०१७ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, कमला मिलच्या आवारात लागलेल्या आगीत १४ जणांचा जीव गेला, आणि चौकशीत बोट दाखवले गेले ते हुक्क्याच्या उडालेल्या निखाऱ्यांकडे. महाराष्ट्रात पुढच्याच वर्षी हुक्का पार्लरवर कायद्याने बंदी आली. तेव्हा मी ती बातमी इथे बसून वाचली होती आणि निखाऱ्याने एवढे कसे होईल असे म्हणालो होतो. आता उरलेले निखारे पत्र्याच्या डब्यात टाकून झाकण घट्ट लावतो. हवा तुटली की ते आपोआप विझतात, आणि अर्धे जळलेले तुकडे पुन्हा वापरता येतात.

हुक्क्यासाठी नव्हे. फेब्रुवारीत आई महिनाभर राहायला आली होती. मुलगा हुक्का ओढतो हे तिला आवडले नाही, आणि ते तिने एकदाच, पण स्पष्ट सांगितले. मात्र तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धूप घालायला निखारा हवा म्हणून तिने डब्यातला एक अर्धा ठोकळा शेगडीवर ठेवला, धुपाटण्यात घेतला आणि वास घेऊन म्हणाली, “अरे, ही तर आपली करवंटीच! एवढ्या लांबून विकत कशाला आणता?” त्यानंतर रोज एक तुकडा धुपाला जाऊ लागला, पाऊण तास निखारा टिकतो आणि खोलीत फक्त उदाचा वास येतो, याचे तिला मोठे कौतुक. जाताना एक खोके बरोबर न्यायचे तिने ठरवले होते, पण कोळसा आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडत असल्यामुळे तो विमानाच्या सामानात नेता येत नाही. तिने खोके परत फडताळात ठेवले. चिमटा मात्र ती घेऊन गेली, आणि मला दुसरा विकत आणावा लागला.