बीपीचं मशीन : दंडाचं घ्यायचं की मनगटाचं?

घरात कुणाला बीपीची गोळी सुरू झाली की आठवड्याच्या आत कुणीतरी म्हणतंच, "एक मशीन घेऊन टाक की." मग मेडिकलमध्ये जाऊन उभं राहिलं की दोन डबे समोर येतात, एक दंडाला पट्टा गुंडाळायचं आणि एक मनगटाला घड्याळासारखं बांधायचं. माझ्याकडे दोन्ही आहेत. हौस म्हणून नाही, आधी चुकीचं घेतलं म्हणून. चुकीचं म्हणजे माझ्यासाठी हं, तुमचं वेगळं असू शकतं.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो. दिवसभर खुर्ची आणि डब्यात भाकरीबरोबर शेंगाचटणी, त्यामुळे बीपी निघालं तेव्हा घरात कुणालाच नवल वाटलं नाही. दवाखान्यात वरचा आकडा १५४ आला, डॉक्टर म्हणाले घरी मोजून बघा, काही लोकांचा दवाखान्यात पाय ठेवल्या ठेवल्याच वाढतो. म्हणून त्याच संध्याकाळी नव्या पेठेतून मनगटाचं घेऊन आलो. लहान, खिशात मावणारं, बाही वर करायची भानगड नाही, आणि आईलाही चालेल असा हिशोब, कारण तिच्या ब्लाउजच्या बाह्या घट्ट, दंडाला पट्टा बांधायचा म्हणजे रोज एक तमाशा.

पण आईच्या हातात बांगड्या असतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्या ती काढणार नाही. "हात मोकळा कशाला करायला लावतोस रे" म्हणून मागे सरकवणार, मग मशीन नीट बसणार नाही, निम्म्या वेळा एरर. तरी हे मी चालवून घेतलं असतं.

माझं डोकं फिरवलं ते हाताच्या उंचीनं. मनगटाचं मशीन छातीच्या म्हणजे हृदयाच्या पातळीला धरावं लागतं, हे डब्यातल्या कागदावर लिहिलेलं असतं आणि तो कागद कुणी वाचत नाही, मीही वाचला नव्हता. हात मांडीवर ठेवून मोजलं की आकडा जास्त येतो, डोक्याजवळ नेला की कमी. साधारण दहा सेंटीमीटरनं उंची चुकली की सात-आठ पॉइंटचा फरक पडतो. आता मला सांगा, दिवाणावर पाय पसरून बसलेला माणूस रोज हात त्याच उंचीवर कसा धरणार? एका रात्री जेवण झाल्यावर मोजलं तर १३८, म्हटलं असं कसं, परत मोजलं १५१, छातीत धडधड सुरू, पाणी प्यायलो, परत मोजलं १२९, तर त्यावरही विश्वास बसेना म्हणून अजून एकदा, असं करत बारा वाजेपर्यंत अकरा वेळा मोजलं. बायको म्हणाली, "ते आधी कपाटात ठेवा, नाहीतर आता माझं वाढेल." पण खिशात मावतंय ना, मग ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये गेलं. चहाच्या आधी एकदा, साहेबांच्या केबिनमधून आल्यावर एकदा. शेजारच्या टेबलावरून रोज आवाज, "का बे, आज स्कोअर किती?"

पुढच्या वेळी डॉक्टरांना वही दाखवली. एका दिवसाचे २३ आकडे. ते बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले हा बीपीचा रेकॉर्ड नाही, तुमच्या घाबरण्याचा आहे. राग आला होता तेव्हा, पण खरं होतं. घाबरलं की बीपी चढतं, चढलेलं दिसलं की अजून घाबरायला होतं. बीपीची गोळी तीच राहिली, वर सांगितलं की या काळजीबद्दल कुणाशी तरी बोला. सोलापुरात मानसोपचारवाल्याच्या दवाखान्याबाहेर बसायचं म्हणजे चार ओळखीचे भेटणारच, म्हणून मी आधी १४४१६ वर फोन केला, टेली-मानस म्हणून सरकारची हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. नंतर समोर बसूनही बोललो, तो वेगळा विषय.

तर दंडाचं. हे मोठं आहे, प्रवासात नेववत नाही, पट्टा इतका आवळतो की आई पहिल्यांदा "हात तुटला रे" म्हणून ओरडली होती, आणि सकाळी सहाला त्याची चिकटपट्टी खर्रकन सोडली की अख्खं घर जागं. पट्ट्याचा साइजही बघून घ्यावा लागतो, त्यावर सेंटीमीटर छापलेले असतात, दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा उगाच वाढीव येतो. आमच्या दुकानदारानं हे विचारलंच नव्हतं, तुम्ही टेपनं दंड मोजूनच जा.

पण खुर्चीत बसून हात टेबलावर ठेवला की दंड आपोआप हृदयाच्या पातळीला येतो, आपल्याला काही सांभाळायचं नाही. माझ्या दृष्टीनं विषय तिथंच मिटला. शिवाय त्याला खुर्ची लागते, टेबल लागतं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसावं लागतं, तर एवढा खटाटोप दिवसातून अकरा वेळा कोण करणार? चहा किंवा बिडी-सिगरेट झाल्यावर अर्धा तास थांबायचं, आधी लघवीला जाऊन यायचं, पायावर पाय टाकायचा नाही, मोजताना बोलायचं नाही (हे आईला अजून जमलेलं नाही). सकाळी गोळीच्या आधी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून, संध्याकाळी तसंच, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्याची सरासरी डॉक्टरांना दाखवायची. घरची सरासरी १३५/८५ च्या खाली असली तर साधारण ठीक समजतात, दवाखान्यात हीच रेघ १४०/९० ला धरतात. माझी १३१/८३ आली आणि त्या रात्री मी झोपलो.

उन्हाळ्यात अजून एक फायदा झाला. मे महिन्यात आपल्याकडे पारा त्रेचाळीसच्या वर जातो, घाम, पाणी कमी, आणि सकाळी उठलं की चक्कर. वहीत आकडे सरळ खाली जाताना दिसत होते, ते दाखवल्यावर डॉक्टरांनी गोळी कमी केली. स्वतःच्या मनानं कमी करू नका मात्र. आणि १८०/१२० च्या वर आकडा, सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं किंवा एका बाजूला ताकद कमी वाटणं असं काही असेल तर मशीनशी खेळत बसू नका, थेट इमर्जन्सीत जा.

मनगटाचं अगदीच टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. दंड खूप जाड असून मोठा पट्टाही बसत नसेल, किंवा काही ऑपरेशनमुळे दंडाला पट्टा बांधायची मनाई असेल तर तेच घ्यावं लागतं, आणि शिस्तीत छातीशी हात धरणारा माणूस असेल तर त्याला चालेलही. कुठलंही घेतलंत तरी एकदा दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या मशीनशी ताडून बघा. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांना दोन्हीही गंडवू शकतात, त्यांनी आधी डॉक्टरांनाच विचारावं.

आईसाठी आम्ही सैल बाह्यांचा एक जुना ब्लाउज खुंटीला लावून ठेवलाय, मोजायच्या वेळचा. मनगटाचं मशीन कपाटात वरच्या फळीवर आहे, त्याचे सेल काढून टीव्हीच्या रिमोटला घातलेत.