जर्मनीत पीआर की पासपोर्ट? भारतात जास्त राहायचं असणाऱ्यांसाठी

जर्मनीत पाच वर्षं होत आली की पीआर (कायम राहण्याचा परवाना) पुरे की जर्मन पासपोर्ट घ्यायचा, हा विषय मराठी घरांमध्ये निघतोच. गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद खाता खाता मी ही चर्चा कितीतरी वेळा ऐकली आहे. बहुतेक वेळा ती 'भारताशी नातं तुटेल' या वाक्यापाशी थांबते. मीही बरीच वर्षं तिथेच थांबले होते. माझं मत बदललं ते एका साध्या हिशोबामुळे: आईबाबांजवळ सलग किती दिवस राहता येईल?

आधी एक गैरसमज दूर करू. २७ जून २०२४ पासून जर्मनी जुनं नागरिकत्व सोडायला सांगत नाही. त्यामुळे 'आता दोन्ही पासपोर्ट ठेवता येतात' असं अनेकांना वाटतं. तुर्की किंवा ब्राझीलच्या माणसाला ते खरंच जमतं, आपल्याला नाही. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार तुम्ही स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. त्यानंतर जुन्या पासपोर्टवर प्रवास करणं हा गुन्हा आहे.

म्हणजे आपल्यापुढे खरे पर्याय तीन. पहिला, भारतीय पासपोर्ट आणि जर्मनीचा साधा पीआर. ब्लू कार्डवाल्यांना (म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर आलेल्यांना) तो २७ महिन्यांत मिळतो, जर्मन भाषा बी-१, म्हणजे मध्यम पातळीची असेल तर २१ महिन्यांत. दुसरा, भारतीय पासपोर्ट आणि युरोपीय संघाचा दीर्घकालीन पीआर, ज्यासाठी पाच वर्षं लागतात. तिसरा, जर्मन नागरिकत्व आणि सोबत ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना भारत सरकार देतं ते 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड. यालाही आता पाचच वर्षं लागतात. तीन वर्षांत नागरिकत्व देणारी वाट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाली. नागरिकत्वासाठी आधी पीआर असलाच पाहिजे असं नाही, ब्लू कार्डवरूनही थेट अर्ज करता येतो.

आता त्या हिशोबाकडे येते. साधा पीआर असलेला माणूस जर्मनीबाहेर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिला, तर पीआर रद्द होतो. त्यासाठी कुणी नोटीस पाठवत नाही, कायद्यानेच तो संपतो. ब्लू कार्डावर हीच मुदत बारा महिन्यांची आहे. म्हणजे पीआर घेऊन आपण 'पक्के' झालो असं वाटतं, तेव्हा बाहेर राहण्याची मुभा निम्मी झालेली असते. हे मला पीआर हातात आल्यावर दोन वर्षांनी कळलं. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला म्हणून मी सांगलीला गेले होते. ऑफिसने बिनपगारी रजा दिली, फिजिओथेरपी नीट चालू होती, बाबा काठी घेऊन चार पावलं टाकायला लागले होते. आणि मी मात्र पाचव्या महिन्यात कॅलेंडर बघत परतीचं तिकीट काढलं. मुदत वाढवून मागता येते, पण ती सहा महिने संपण्याआधी, लेखी; शक्यतो निघण्याआधीच. पहाटे फोन आल्यावर पहिलं विमान पकडणाऱ्या माणसाला हे सुचत नाही.

दीर्घकालीन पीआरवर युरोपीय संघाबाहेर बारा महिने राहता येतं, आणि आधी ब्लू कार्ड असेल तर चोवीस. साध्या पीआरसोबत हाही घेता येतो. मराठी मंडळींमध्ये याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. पासपोर्टबद्दल मन तयार नसेल तर निदान हा अर्ज तरी कराच.

जर्मन पासपोर्टला अशी कुठलीच मुदत नाही. सांगलीत तीन वर्षं राहा, दहा वर्षं राहा, परतीचा रस्ता उघडाच असतो. आणि ओसीआयवर भारतात कितीही काळ राहता येतं, पोलिसांकडे नोंदणी करावी लागत नाही, खासगी नोकरी करता येते, घर घेता येतं. म्हणजे ज्याला भारतात जास्त दिवस घालवायचे आहेत, त्यालाच कागदोपत्री जर्मन होणं अधिक सोयीचं पडतं. हे पचायला मला वेळ लागला.

पण जे जातं तेही खरं आहे. ओसीआयच्या नावात 'सिटिझन' म्हणजे नागरिक असला तरी ते नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी नाही. पत्रकारिता किंवा संशोधन करायचं तर आधी विशेष परवानगी लागते. केंद्र सरकार हे कार्ड रद्दही करू शकतं. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार दोन वर्षं किंवा अधिक शिक्षा झाली, किंवा सात वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात आरोपपत्र दाखल झालं, तरी ते जाऊ शकतं. आरोप सिद्ध होण्याआधीच, हे लक्षात घ्या. पासपोर्ट जन्माने मिळालेला हक्क होता, ओसीआय ही दिलेली सवलत आहे. हा फरक मी कमी लेखणार नाही.

मुलं असतील तर सर्वात जास्त विचार इथे करा. ४ मार्च २०२१ नंतर ओसीआय घेतलेल्या मुलांना मेडिकल-इंजिनिअरिंगच्या प्रवेशात फक्त भारतीय नागरिकांसाठी असलेल्या जागा मिळत नाहीत. त्यांना एनआरआय किंवा अतिरिक्त जागांवरून प्रवेश घ्यावा लागतो आणि ती फी कुठल्या कुठे जाते. मुलगी सातवीत असताना पुण्याला परतायचं आणि पुढे 'नीट' ही मेडिकलची प्रवेश परीक्षा द्यायची, असा बेत असेल तर तिचा भारतीय पासपोर्ट सोडू नका. मात्र मूल जर्मनीत जन्मलं आणि तेव्हा आईबापांपैकी एकाची इथे पाच वर्षं (२७ जून २०२४ आधीच्या जन्मासाठी आठ) झालेली होती, पीआरही होता, तर ते जन्मतःच जर्मन असतं, हेही तपासून घ्या.

शेतजमिनीची भीती मात्र उगाच पसरली आहे. पासपोर्ट बदलला म्हणून सातबाऱ्यावरचं नाव उडत नाही, आणि वारसाने येणारी जमीन ओसीआयवाल्यालाही येते. विकत घेता येत नाही, पण परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही ती घेता येत नाहीच. फरक पडतो तो कायमचं परतून नवी जमीन घ्यायची असेल तर. मिळकतीच्या करातही सहसा फरक पडत नाही. जर्मनी आणि भारत दोघेही तुम्ही राहता कुठे ते बघतात, अमेरिकेसारखं नागरिकत्वावरून कर लावत नाहीत.

युरोपात दुसऱ्या देशात नोकरी घ्यायची असेल तर जर्मन पासपोर्टचा फायदा मोठा आहे. नुसतं फिरायचं असेल तर शेंगेन (युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या) देशांत पीआरही पुरतो.

खर्च आणि खटपट थोडक्यात: नागरिकत्वाच्या अर्जाची फी २५५ युरो, भाषा बी-१, आणि ३३ प्रश्नांची परीक्षा, ज्यात १७ बरोबर यावे लागतात. प्रश्न आधीच जाहीर असलेल्या संचातून येतात, त्यामुळे ती अवघड नाही. खरा त्रास वाट बघण्याचा, मोठ्या शहरांत वर्ष सहज उलटतं.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. जर्मन झाल्याचं प्रमाणपत्र हातात पडल्यापासून ओसीआय येईपर्यंत मधे काही आठवडे किंवा महिने जातात. त्या काळात तुम्ही भारतासाठी साधे परदेशी असता. भारतीय पासपोर्ट जमा करून समर्पणाचं प्रमाणपत्र घ्यायचं, मग ओसीआयचा अर्ज, आणि तोवर जायची वेळ आली तर व्हिसा. घरी कुणी आजारी असेल तर नागरिकत्वाची तारीख थोडी पुढे मागून घ्या.

माझं मत विचाराल तर असं: दहाएक वर्षांत मुलांसह कायमचं परतायचं नक्की असेल, तर भारतीय पासपोर्ट आणि दीर्घकालीन पीआर. परतायचं की नाही हे ठरत नसेल आणि आईबाबा सत्तरीच्या पुढे असतील, तर जर्मन पासपोर्ट. हा रस्ता अगदीच एकतर्फीही नाही. ओसीआय घेऊन पाच वर्षं झाली असतील आणि अर्जाआधी बारा महिने भारतात वास्तव्य असेल, तर जर्मन नागरिकत्व सोडून पुन्हा भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो.

मी मार्चमध्ये जर्मन नागरिकत्वाचा अर्ज भरला. निकाल येईपर्यंत पीआरवरच जाणं-येणं चालू आहे, आणि बाबांना मात्र मी अजून परतीची तारीख सांगूनच घरात शिरते.