प्रिसिजन की जॅझ? अडतं ते एका नॉबवर

रॉक बँडसाठी चार तारांचा बेस गिटार घ्यायचा म्हटलं की बहुतेकांची गाडी फेंडरच्या प्रिसिजन आणि जॅझ या दोन मॉडेलांवर येऊन थांबते. स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, दोघांची ३४ इंच. फरक हाताला लागतो तो नटपाशी, म्हणजे मानेच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपाशी: जॅझचा नट दीड इंच, आजच्या बऱ्याच प्रिसिजनचा त्याहून अष्टमांश इंच रुंद. लहान हातांना जॅझ सोपा जातो आणि त्याच्या आवाजात रंगही जास्त. ब्रिजजवळच्या (तारांच्या खालच्या टोकाच्या) पिकअपचा, म्हणजे तारेचं कंपन पकडणाऱ्या चुंबक-कॉइलचा, आवाज वाढवला की बोटांनी वाजवलेल्या जलद ओळी सुट्या ऐकू येतात. प्रिसिजनला ते तितकंसं जमत नाही.

माझं अडलं ते जॅझच्या व्हॉल्यूमवर; त्याच्या दोन पिकअपना वेगवेगळे व्हॉल्यूम नॉब असतात. दोन्ही पिकअप पूर्ण उघडे असले की ते एकमेकांचा हम (विजेची गुणगुण) खोडतात, सगळं शांत. पण नेमके तेव्हाच मिड (मधल्या पट्टीतले स्वर) दबतात आणि दोन डिस्टॉर्टेड गिटारींच्या मधे बेस नुसता जाणवतो, ऐकू येत नाही. उपाय ठरलेला: एक नॉब थोडा मागे घ्यायचा. मिड परततात, पण हमसकट. पुढे ओव्हरड्राइव्ह (आवाज फाडणारा इफेक्ट) असेल तर तो हळू आवाजही वर उचलतो, म्हणून गाण्यातल्या थांब्यात हमच ऐकू येतो. दिव्यांचे डिमर जवळ असतील तर विचारूच नका. वीज ५० हर्ट्झची असेल तर हम आणि ई तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा जी (४९ हर्ट्झ) मांडीला मांडी लावून बसतात. स्वर लांबवला की हेलकावे येतात.

बेसच्या आतून तांब्याची पट्टी चिकटवून डिमरसारख्यांची करकर कमी होते; ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येणारा हम तसाच राहतो. एकावर एक कॉइल असलेले हम-कॅन्सलिंग पिकअप बसवता येतात, पण माझ्या कानाला वरची चमक थोडी गेल्यासारखी वाटते. तुमच्या कानाला कदाचित नाही वाटणार.

प्रिसिजनचा १९५७ पासूनचा पिकअप दोन तुकड्यांचा, ई-ए तारा एकावर, डी-जी दुसऱ्यावर. नॉब कुठेही ठेवा, हम खोडलेलाच आणि मिड जागेवर. डी-जीचा तुकडा ब्रिजकडे सरकलेला असल्याने त्या तारा किंचित बारीक वाजतात, एवढी खोट आहे. त्याचे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवत तो तुकडा वर घ्या. मात्र वरच्या फ्रेटवर सूर डळमळू लागला तर चुंबक तारेला ओढतोय, लगेच खाली घ्या.

रेकॉर्डिंगच जास्त असेल तर जॅझ जरूर बघा. ओव्हरड्राइव्ह लावून स्टेजवर वाजवणार असाल तर मी आधी प्रिसिजन हातात घेईन.